अडीचशे रुपयांचा माड

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. रमजान ईद होऊन नऊ दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे मुंबईहून आलेली माणसे गावीच होती. बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला दापोली तालुक्याची किनारपट्टी आहे. केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, मुरुड या गावांतल्या आगरांनी त्या दिवशी काही तासांत पिढ्यांची कमाई गमावली. पोफळी तर एकीवर एक अशा पडल्या की आगरात पाऊल टाकायला जागा उरली नाही. माड काही वाकले, काही मुळासकट उपटले, काहींचे नुसते शेंडे उडाले.

पुढे पंचनामे झाले. सरकारने आधी बागायतीसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. ऐकायला रक्कम मोठी वाटते, पण आंजर्ल्यासारख्या गावात हेक्टरभर आगर कोणाकडे असते? इथला हिशोब गुंठ्यांत चालतो. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. दहा गुंठ्यांचे आगर आडवे झालेल्या माणसाच्या हातात पाच हजार येणार आणि पडलेली झाडे कापून बाहेर काढण्याची मजुरीच त्याहून जास्त होणार. लोकांनी ओरड केली तेव्हा झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. नारळाच्या झाडाला २५० रुपये आणि पोफळीला ५० रुपये.

वादळाला आता पाच वर्षे उलटून गेली आहेत. या अडीचशे रुपयांची चर्चा आजही आंजर्ल्याच्या बाजूला निघते, आणि निघायलाही हवी. आम्हाला यात सरकारला शिव्या घालण्याची हौस नाही. आपत्तीची मदत ही झाडाची किंमत नसते, हे आम्हाला कळते. पण यानिमित्ताने एक हिशोब आपण आपल्या घरात मांडून पाहायला हवा. माड म्हणजे नेमके काय आहे? तो गेला तर काय जाते? आणि पडलेल्या जागी नवा लावायचा की ती जागा हॉटेलवाल्याला देऊन मोकळे व्हायचे?

साधा गुणाकार करू. आपल्या किनाऱ्यावरचा बाणवली जातीचा उंच माड चांगली निगा राखली तर वर्षाला ८० ते १०० नारळ देतो. नारळाचा भाव खालीवर होत राहतो, तरी नगाला २० रुपये धरले तर एका झाडाचे वर्षाचे १६०० रुपये होतात. अडीचशे रुपये म्हणजे तेरा नारळसुद्धा नाहीत. बाणवली सहा-सात वर्षांनी फळाला येतो आणि ऐंशी वर्षांपर्यंत जगतो. म्हणजे आजोबाने लावलेल्या झाडाचे खोबरे नातवाच्या मुलांच्या लग्नातही पडते. ही नुसती नारळाची किंमत झाली. माडाचे बाकीचे अंग अजून हिशोबात धरलेले नाही.

जौज-अल-हिंद

आखाती देशांत राहून आलेल्यांनी दुकानातल्या पाकिटावर नारळाचे अरबी नाव वाचले असेल. जौज-अल-हिंद, म्हणजे हिंदुस्थानचे कवचफळ. अरबीत दुसरा शब्द आहे नारजील. तो फारसीतून गेलेला आहे आणि त्याचे मूळ आपल्याकडच्या नारिकेल शब्दात आहे. ‘नारळ’ शब्दही त्याच घरातला. हुक्क्याला अरब व तुर्की मुलखात नारगिले म्हणतात तेही यामुळेच, कारण जुन्या हुक्क्याचे पाण्याचे भांडे नारळाच्या करवंटीचे असायचे. आपल्याकडची गुडगुडी तीच.

कुरआनात खजुराच्या झाडाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. नारळाचा येत नाही. तो अरबस्तानचा वृक्ष नव्हे. पण अरब खलाशांना तो फार लवकर माहीत झाला, आणि तोही खाण्याच्या आधी जहाजासाठी. दहाव्या शतकातला अबू जैद सिराफी लिहून गेला आहे की ओमानचे लोक सुतारकामाची हत्यारे घेऊन माडांच्या बेटांवर जात. माड तोडून त्याच्या फळ्या करीत, काथ्याचे दोर वळून त्या फळ्या शिवून काढीत, खोडाचीच डोलकाठी आणि झावळ्यांचे शीड करीत, आणि त्याच जहाजात नारळ भरून परत ओमानला येत. जहाज माडाचे आणि माल माडाचा. लोखंडाचा एक खिळा लागत नसे.

चौदाव्या शतकात इब्ने बतूता मालदीवमध्ये काजी होता. नारळाबद्दल त्याने बारकाईने लिहिले आहे. झाड खजुरासारखे दिसते, फळ माणसाच्या डोक्यासारखे असते, त्याला दोन डोळे आणि तोंडही असते, असे तो सांगतो. त्यापासून दूध, तेल आणि मध कसा काढतात याचेही त्याला कौतुक होते. फळ्या शिवण्याच्या काथ्याबद्दल त्याचे म्हणणे असे की, शिवलेले जहाज खडकावर आपटले तरी लवचीकपणामुळे तग धरते आणि खिळ्यांचे जहाज फुटते. हर्णै बंदरात आज फायबरच्या आणि लाकडी यांत्रिक होड्या उभ्या असतात. नायलॉनने सुंभाला केव्हाच हाकलून लावले. तरी खाऱ्या पाण्यात काथ्या कुजत नाही हे कोकणातल्या कोळ्यांना आणि दालदी मुसलमानांना सांगावे लागत नव्हते.

एक कोंब

माडाला इतर झाडांपेक्षा वेगळे काय आहे ते समजले की वादळाचे नुकसान नीट समजते. आंब्याची फांदी मोडली तर शेजारून दुसरी फुटते. माडाला फांदी नसते. सगळे आयुष्य शेंड्यातल्या एकाच कोंबात असते. तो कोंब गेला की झाड उभे दिसले तरी मेलेले असते. खोडाला झालेली जखम भरून येत नाही. आत ज्या वाहिन्या असतात त्या जन्मभर त्याच राहतात.

चांगल्या माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळी येते आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय. पोय उमलल्यापासून नारळ पक्व व्हायला बारा महिने लागतात. पण त्या पोयीची सुरुवात झाडाच्या आत तिच्या उमलण्याच्या अडीच वर्षांहूनही आधी झालेली असते. याचा अर्थ असा की एखाद्या वर्षी माडाने उन्हाळा सोसला किंवा वादळाने त्याला पिळून काढले तर त्याचा फटका पुढची तीन वर्षे फळांत दिसत राहतो. वादळातून वाचलेल्या माडांनी दोन-तीन वर्षे धड पीक दिले नाही, तेव्हा पुष्कळांना वाटले की झाडाला काही रोग झाला. झाड आतला हिशोब फेडत होते.

पोफळीचे दुःख निराळे. ती सरळ, बारीक, दाट लावलेली. सुपारीच्या बागेत दोन झाडांत २.७ मीटर अंतर ठेवतात, माडांत ७.५ मीटर. माडाची सावली पोफळीला लागते, कडक उन्हाने तिचे खोड भाजते. माड पडले आणि उरलेल्या पोफळी उघड्या पडल्या. ज्या वादळात वाचल्या त्यांतल्या काही पुढच्या उन्हाळ्यांनी नेल्या. पोफळीच्या अंगावर चढलेला मिरीचा वेलही तिच्याबरोबर गेला. आगर म्हणजे झाडांची बेरीज नव्हे. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरी, खाली जायफळ, केळ, अननस असे ते एकमेकांच्या आधाराने उभे असते. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे, ते आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. त्यांनी याच पद्धतीला शास्त्राची जोड देऊन ‘लाखी बाग’ नावाने शिफारस केली. मूळ शहाणपण मात्र आपल्या पणजोबांच्या आगरातले आहे.

वादळानंतर आणखी एक संकट येते, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. गेंड्या भुंगा कुजक्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात अंडी घालतो. पडलेले माड आगरातच कुजत राहिले की भुंग्याला आयते घर मिळते. तो उभ्या माडाचा कोवळा कोंब कुरतडतो. मग नव्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या त्रिकोणी दिसतात. त्याने केलेल्या भोकातून सोंड्या भुंगा शिरतो आणि तो माडाचा खरा काळ आहे. झाड आतून पोखरले जाते आणि बाहेर कळते तेव्हा वेळ गेलेली असते. हाच सोंड्या भुंगा १९८० च्या दशकात आखाताच्या खजुरांपर्यंत पोहोचला आणि तिथे त्याने हाहाकार केला. आपली माणसे तिकडे नोकरीला गेली, आणि आपल्याकडचा भुंगाही.

उपाय कठीण नाही. पडलेले खोड कापून बाहेर काढावे किंवा जाळावे. शेणखताचा ढीग उलथापालथा करून अळ्या काढाव्यात. कोंबाजवळच्या झावळ्यांच्या बेचक्यांत वाळूबरोबर डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात. पण त्यासाठी कोणीतरी वर चढले पाहिजे.

चढणार कोण?

खरी अडचण हीच आहे. आंजर्ल्यात माड आहेत, चढणारा मिळत नाही. चाळीस फूट उंच झाडावर कमरेला कोयता लावून चढणारे पाडेली आता पन्नाशी ओलांडलेले आहेत. त्यांची मुले या धंद्यात आली नाहीत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पडून पाय मोडला तर त्यांच्या मागे कोण होते? नारळ विकास बोर्डाने २०११ पासून शिडीच्या यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण आणि विमा देण्याची योजना चालवली. त्यात मुलीही शिकल्या. यंत्र सुरक्षित आहे, पण वाकड्या माडावर आणि पावसात त्याचा उपयोग कमी. शिवाय वानरे. ती पाडेली नेमायची वाट पाहत नाहीत, कोवळी फळे तोडून खाली टाकतात. वादळाने दिले नाही तेवढे दुःख वानरांनी दिले असे म्हणणारे लोक आम्हाला या पट्ट्यात भेटले. हे बोलणे अतिशयोक्तीचे असेल, पण ते रागाने बोलले जात होते हे खरे.

म्हणून मालक मुंबईत किंवा कुवेतमध्ये आणि आगर मक्त्याने दिलेले, हा प्रकार वाढला. मक्तेदार वर्षाची ठरावीक रक्कम देतो आणि झाडावर असेल-नसेल ते सगळे त्याचे. इथे आपल्याला थांबून विचार केला पाहिजे. फळ तयार होण्याची चिन्हे दिसण्याआधी झाडावरचे फळ विकू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. कारणही स्पष्ट आहे. उद्या अल्लाहने फळ रोखले तर घेणाऱ्याचा पैसा कशाच्या बदल्यात घेतला? निसर्ग वादळाच्या वर्षी हा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. मे महिन्यात पैसे मोजलेल्या मक्तेदाराच्या हाती जूनमध्ये आडवे आगर आले. काही मालकांनी पैसे परत केले. काहींनी केले नाहीत.

खैबरच्या खजुराच्या बागा तिथल्या लोकांकडेच निम्म्या उत्पन्नाच्या कराराने ठेवल्या होत्या, हे आपल्याला माहीत आहे. राखणाऱ्याने राखायचे, शिंपायचे आणि जे येईल ते वाटून घ्यायचे. नारळाला हा करार कसा लावायचा याबाबत फिकहच्या इमामांची मते सारखी नाहीत, त्यामुळे कागद करण्याआधी जाणत्या आलिमांना विचारून घ्यावे. आमचे मत इतकेच की वाट्याने दिलेल्या आगराची जेवढी निगा राखली जाते तेवढी मक्त्याच्या आगराची राखली जात नाही. मक्तेदाराला पुढच्या वर्षाच्या पोयीची काय फिकीर?

जकातीचाही प्रश्न लोक विचारतात. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. शाफई मतानुसार पिकावरची जकात खजूर, द्राक्षे आणि साठवून ठेवता येणाऱ्या मुख्य धान्यांवर आहे, नारळावर नाही. इमाम अबू हनीफा यांच्या मते जमिनीतून येणाऱ्या जवळपास सर्व उत्पन्नावर उश्र आहे. नारळ विकून आलेला पैसा निसाबाइतका होऊन वर्षभर राहिला तर त्यावर अडीच टक्के जकात आहेच.

आता थोडे कटू बोलायचे आहे. वादळानंतरची मदत कित्येक घरांत अडकून पडली, कारण सातबाऱ्यावर आजोबांचे नाव. वारस वीस-पंचवीस, एक दुबईला, एक केपटाऊनला, एक मुंब्र्याला, आणि सगळ्यांची संमतीपत्रे हवीत. सामायिक खाते म्हणून पैसे कोणालाच नाहीत. या यादीत बहिणींची नावे शोधली तर अनेकदा सापडत नाहीत. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा इतका स्पष्ट सांगितला आहे की त्यात कोणाच्या मर्जीला जागा नाही. आपल्याकडे रीत अशी की ईदला बहिणीच्या घरी पोत्यातून पंचवीस नारळ पाठवायचे. पोते पोहोचले की भावाचे मन हलके होते. पण नारळ ही भेट आहे, हिस्सा नव्हे. आगर पुन्हा लावायचे असेल तर आधी वाटणी करून नावे चढवावीत. ज्या जमिनीचे मालक कागदावर ठरलेले नाहीत तिथे सहा वर्षांनी फळ देणारे झाड कोणीच लावत नाही.

चुलीपासून छपरापर्यंत

माडाचे उपयोग सांगताना लोक ‘कल्पवृक्ष’ म्हणून मोकळे होतात. आम्हाला उपयोगांपेक्षा ते करणारे हात आठवतात. झावळीच्या पात्यांतून हीर काढून खराटा बांधणारी दादी. पावसाळ्याआधी झापे विणून पडवीला आडोसा करणारे चाचा. सोडण सुकवून न्हाणीच्या चुलीत घालायचे, त्याची राख भांड्याला. करवंटीचा डाव कालवणात फिरायचा. आज करवंट्यांच्या कोळशापासून पाणी गाळण्याच्या यंत्रातला कार्बन तयार होतो आणि सोडणाचा भुगा शहरातल्या गच्चीवरच्या कुंड्यांत विकत जातो. आगरवाला ते फुकट जाळतो आणि त्याचा मुलगा मुंबईत तेच पाकीट घेऊन येतो.

स्वयंपाकाचे तर विचारूच नका. आपल्या घरातली सांदणे नारळाच्या दुधाशिवाय होत नाहीत. शिरवळ्यांवर गूळ घातलेला नारळाचा रस, मासळीच्या कालवणात दाट दूध शेवटी आणि पातळ दूध आधी, शीरखुर्म्यात खोबऱ्याचे काप. जुन्या काळी सांदणाचे पीठ आंबवायला माडी वापरत. आता यीस्ट किंवा नारळाचे पाणी वापरतात आणि तेच योग्य आहे. पोयीतून सकाळी काढलेला ताजा गोड रस, म्हणजे नीरा, पिण्यात हरकत नाही. ऊन चढले की काही तासांत तो आंबतो, त्याची माडी होते. जे जास्त घेतल्याने नशा चढते ते थोडेही हराम, हा नियम घरात सर्वांना ठाऊक असतो. नीरा आटवून केलेला गूळ मात्र हलाल आणि चवदार, आपल्या किनाऱ्यावर तो फारसा होत नाही याचे वाईट वाटते.

खोबरेल आणि शहाळ्याबद्दल हल्ली जे चमत्कार सांगितले जातात त्यांवर आमचा विश्वास नाही. शहाळ्याचे पाणी रोजा सोडताना उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. खोबरेलात संपृक्त चरबी जास्त असते. हृदयाचे औषध म्हणून ते चमच्याने पिणे शहाणपणाचे नाही.

पुन्हा लावायचे तर

कयामत समोर आली आणि तुमच्या हातात खजुराचे रोप असेल तर शक्य असल्यास ते लावून टाका, अशा अर्थाची हदीस आपण ऐकलेली आहे. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो लावणाऱ्याचा सदका होतो, ही दुसरी. (या हिशोबात वानरेही आली, हे आंजर्ल्याच्या आगरवाल्याला गोड लागणार नाही.)

कोणती जात लावावी यावर आगरवाल्यांत दोन तट आहेत. ठेंगू माड तीन-चार वर्षांत फळाला येतो, जमिनीवरून हाताने काढता येतो आणि शहाळ्यांना पर्यटकांचे गिऱ्हाईक आहे. आंजर्ल्याला कासवे पाहायला आणि कड्यावर देवदर्शनाला येणारी गर्दी वाढली आहे, तेव्हा हा विचार चुकीचा नाही. पण ठेंगूचे खोबरे पातळ, आयुष्य कमी आणि पाणी-खताची लाड जास्त. उंच आणि ठेंगू यांचा संकर चार-पाच वर्षांत धरतो. विद्यापीठाची ‘प्रताप’ जात भरपूर फळे देते, नारळ आकाराने थोडा लहान. आमचा कौल असा की कुंपणाकडेने आणि समुद्राच्या बाजूला बाणवली किंवा प्रताप, आणि विहिरीजवळ घरापुरते चार ठेंगू. सगळे आगर एकाच जातीचे करू नये.

रोप नऊ ते बारा महिन्यांचे, बुंधा जाड, पाने पाच-सहा किंवा जास्त, आणि पाने लवकर फुटून सुटी झालेली असे पाहून घ्यावे. भाट्ये किंवा दापोलीच्या रोपवाटिकेतले मिळाले तर उत्तम. रस्त्याकडेच्या टेम्पोतले स्वस्त रोप सहा वर्षांनी काय देईल ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. खड्डा एक मीटर लांब, रुंद आणि खोल, उन्हाळ्यातच खणून ठेवावा. किनाऱ्याच्या पुळणीत नुसती वाळू असते, तिथे चांगली माती आणि कुजलेले शेणखत घालून भरावा. पाणी साचणाऱ्या जागी जूनमध्ये न लावता पाऊस ओसरल्यावर लावावे. पहिले दोन उन्हाळे रोपावर झावळ्यांची सावली धरावी आणि पाणी चुकवू नये. दोन माडांत पंचवीस फूट अंतर सोडायला जीव होत नाही, दहा गुंठ्यांत जेमतेम अठरा झाडे बसतात. तरी सोडावे. मधल्या जागेत केळ पहिल्याच वर्षी येते, अननस दुसऱ्या वर्षी, आणि माडाची सावली पडू लागली की पोफळ आणि जायफळ लावता येते.